पित्त नेमके कशाला म्हणायचे?

‘पित्त झालंय’ हे दोन शब्द मराठी घरांत निदान चार वेगळ्या आजारांना पुरतात. छातीत जळजळले तरी पित्त, अर्धे डोके ठणकून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि पित्ताशयात खडे झाले तरी पित्तच. यातले दुसरे दुखणे बहुधा अर्धशिशी असते; आम्ल मारणारी गोळी तिच्यावर चालत नाही. गांधी उठतात त्या त्वचेत हिस्टामिन सुटल्यामुळे. खरे पित्त यकृतात तयार होते आणि छातीतल्या नेहमीच्या जळजळीशी त्याचा संबंध नसतो. तिथे जाळते ते जठरातले आम्ल.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे कडे असते. घास खाली उतरला की ते आवळते. ते भलत्या वेळी सैल पडले तर आम्ल वर चढते. जठराला जाड अस्तराचे संरक्षण असते, अन्ननलिकेला तसे नसते. म्हणून ती पोळते. आंबट पाणी घशाशी येते, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर त्रास वाढतो. काहींना जळजळ जाणवतच नाही. नुसता रात्रीचा खोकला, सकाळी बसलेला आवाज. सुटलेले पोट, गरोदरपण, तंबाखू आणि उशिराचे जेवण यांनी त्यात भर पडते.

जेवण आणि झोप यांत ३ तासांचे अंतर ठेवावे, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावाव्यात. नुसती जास्तीची उशी घेतली तर पोट दुमडते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात, तेही सहसा ४ ते ८ आठवडे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून त्या वर्षानुवर्षे घेणे चूकच. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

सर्वांत घातक गल्लत हृदयविकाराची. छातीवर दाब, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चालताना वाढणारे दुखणे, हे सारे ‘गॅस’ म्हणून सोड्यावर भागवले जाते. ढेकर येऊन बरे वाटले, म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. मधुमेह असणाऱ्यांना तर कधी दुखतही नाही, नुसती धाप लागते. अशा वेळी सोडा शोधत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा.