केळीच्या पानांतील खडे

सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट दुसऱ्या दिवशीं परसांत जातात, आणि पंधरवड्यांत त्यांचा चिखल होतो. संस्कृत कवींनीं निःसार वस्तूला कदलीस्तंभाची उपमा दिली ती उगीच नव्हे. सोपटें कितीहि सोलीत गेलें तरी आंत लांकूड म्हणून सांपडावयाचें नाहीं.

अशा झाडाचा पूर्वेतिहास शोधावयाचा कसा? गहूं-जवांचे दाणे चुलींत करपले तर कोळशाच्या रूपानें हजारों वर्षें टिकतात. लागवडीच्या केळ्यांत बींच नाहीं, खोड कुजतें, परागहि मातींत फारसे टिकत नाहींत. (आमच्या सह्याद्रींतील कड्यांवर जी रानकेळ पावसाळ्यांत उगवते तिच्या फळांत खड्यांसारख्या बिया असतात खऱ्या, परंतु ती निराळ्या कुळींतील, आपल्या केळीची आजी नव्हे.)

तथापि निसर्गानें एक खूण ठेविली आहे. मुळांवाटे पाणी वर चढतें त्याबरोबर विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, वर जाते व पेशींत गोठते. गवताच्या पात्यानें बोट कापतें त्यालाहि हेंच द्रव्य कारण. पान कुजून नाहींसें झालें तरी पेशीच्या सांच्यांत तयार झालेला तो कण मातींत राहतो. त्याला फायटोलिथ म्हणतात. आम्ही वनस्पति-अश्मकण म्हणूं. केळीच्या पानांतला कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर माथ्यावर खळगा असलेल्या बुटक्या ज्वालामुखीसारखा दिसतो. ज्या पानावर आपण वरणभात कालवितों त्यांत असे असंख्य डोंगर दडलेले असतात. गृहिणींनीं मात्र भिऊं नये, ते दांतांखालीं येण्याइतके मोठे नव्हेत. संशोधक जुनी माती घेऊन तिच्यांतील सेंद्रिय भाग आम्लानें नाहींसा करितात व मग ती एका जड द्रवांत सोडतात. वाळू तळाशीं बसते आणि हे कण, तांदूळ धुतांना कोंडा वर यावा तसे, तरंगून येतात.

या कणांनीं जो निवाडा दिला तो सांगण्यासाठींच आजचा हा प्रपंच. न्यू गिनी बेटाच्या मध्यभागीं, सुमारें पांच हजार फुटांच्या उंचीवर, वाघी नदीचें खोरें आहे. १९३३ सालीं सोनें शोधावयास निघालेले ऑस्ट्रेलियन तेथें पोंचले, तेव्हां या निर्जन मानलेल्या मुलखांत त्यांना दाट वस्ती व आंखलेलीं शेतें दिसलीं. लोकांचें मुख्य अन्न रताळें. आतां रताळें मूळचें अमेरिकेंतील; तेव्हां ही शेती अलीकडची, बाहेरून आलेली असावी, असा तर्क पुढें कांहीं विद्वानांनीं केला. तर्क सोपा होता. दगडाचीं हत्यारें वापरणाऱ्या माणसांना स्वतःची बुद्धि असेल हें मानण्याची तयारीच थोडी होती, असें आम्हांस वाटतें.

याच खोऱ्यांत कुक नांवाची दलदल आहे. १९७२ पासून जॅक गोल्सन यांनीं तेथें खणून जुने चर उघडे केले. पुढें टिम डेनम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मातीचे थर सूक्ष्मदर्शकाखालीं घातले व २००३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारें सात ते साडेसहा हजार वर्षांपूर्वींच्या थरांत, जेथें लोकांनीं मातीचे उंचवटे रचले होते, तेथें केळीचे अश्मकण विपुल निघाले. केवळ कण सांपडले एवढ्यावरून लागवड सिद्ध होत नाहीं, रानांतली केळहि पान गाळतेच. परंतु त्या वेळीं तें खोरें जंगल जाऊन गवताळ झालेलें होतें. अशा माळावर एवढ्या केळी आपोआप माजत नाहींत. कोणीं तरी लावल्या असल्या पाहिजेत. याहून जुन्या, सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या दगडी हत्यारांच्या भेगांत पिष्टकण चिकटलेले आढळले, ते अळवाच्या कंदाचे. ज्याच्या पानांचें फदफदें आपण पंक्तींत वाढतों तेंच अळूं! अळूं सखल प्रदेशांतलें. इतक्या उंचावर तें मनुष्यानेंच नेलें असावें, असें संशोधकांचें मत आहे.

केळीच्या बीजद्रव्याची परीक्षा करणाऱ्यांनींहि स्वतंत्रपणें साक्ष दिली. न्यू गिनींत बॅंक्सी नांवाची बियांची रानकेळ आजहि उगवते. तिचा अंश आज जगभर पिकणाऱ्या पुष्कळ जातींत आहे, आणि बाजारांतली आपली बसराईहि त्याला अपवाद नाहीं. म्हणजे शेतीचा शोध ज्यांनीं कोणाकडून उसना न घेतां लावला अशा थोड्या लोकांत या डोंगरी लोकांची गणना करावी लागते. २००८ सालीं कुकला जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

आम्ही तीस वर्षें इतिहास-भूगोल शिकविला. शेती नाईलच्या, युफ्रेटीसच्या, सिंधूच्या कांठीं जन्मली, आणि तेथून ती इतरांना मिळाली, असें फळ्यावर नकाशा काढून सांगत असूं. परवां माळ्यावरून जुनी टिपणवही काढली. "न्यू गिनी" या नांवापुढें आमच्याच अक्षरांत एकच ओळ आहे : "येथील लोक रानटी असून त्यांस शेती ठाऊक नाहीं." तांबड्या शाईनें ती खोडली. परंतु जीं मुलें ती ओळ उतरवून घेऊन गेलीं त्यांतील कित्येक आतां पन्नाशीला आलीं, आणि त्यांच्या वह्या आमच्याजवळ नाहींत.