अंजिराच्या झाडाला मिळालेले एक वर्ष

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात क्रांती चौकातून जाणाऱ्यास नव्या वर्षाची वर्दी दिनदर्शिकेआधी फलकच देतात. स्पर्धा परीक्षांचे वर्ग, इंग्रजी संभाषणाचे वर्ग, 'व्यक्तिमत्त्व विकासा'ची शिबिरे. सूर सर्वांचा एकच: नव्या वर्षात नवे व्हा, न झालात तर दोष तुमचाच. याच ठिकाणी पूर्वी काळा चबुतरा होता आणि १८५७ च्या उठावातील शिपायांना येथेच देहदंड दिला गेला. ज्या चौकाच्या नावात क्रांती आहे, तेथे आता क्रांती म्हणजे पहाटे पाचला उठणे, एवढाच अर्थ उरावा, याची आम्हांस खंत वाटते.

परंतु आज आमची तक्रार निराळी आहे. या बाजारात अलीकडे ख्रिस्ती पेहरावातला मालही येऊ लागला आहे. नववर्षाच्या एका प्रार्थनासभेचे पत्रक आमच्या हाती पडले. त्यात नोकरी, घर, परदेशगमन यांचे आश्वासन होते आणि 'वैयक्तिक उन्नती'ची हमी होती. आम्ही तिघे मराठी शिकवितो. आमच्यात एक ख्रिस्ती आहे, दोघे नाहीत. पण 'स्मृतिचित्रे' तिघांनीही वर्गात शिकविले आहे, तेवढ्या अधिकाराने आम्ही म्हणतो, की ही दृष्टी ख्रिस्ती नव्हे.

मुळात ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ १ जानेवारीस होतच नाही. तो नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, आगमनकाळाने होतो. म्हणजे संकल्पाने नव्हे, वाट पाहण्याने होतो. १७५५ साली जॉन वेस्ली यांनी सुरू केलेली करार-उपासना मेथडिस्ट मंडळ्यांत पुढे नववर्षाशी जोडली गेली, तिचाही रोख हाच आहे. तीत भक्त उन्नती मागत नाही. देव कामाला लावो वा बाजूला ठेवो, दोन्हींस होकार देऊन तो स्वतःला हवाली करतो.

शब्दाचाही येथे घोटाळा आहे. मराठी बायबलातील 'पश्चात्ताप' ज्या ग्रीक शब्दासाठी आला, त्याचा अर्थ मन पालटणे असा आहे. आपल्या शब्दात मागाहून होणारा ताप आहे; वळणे नाही. म्हणून आपण हळहळतो आणि आहे त्याच वाटेने वेगाने चालू लागतो. जक्कय हा जकातदार असा हळहळत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड, असा त्याच्या मन पालटण्याचा हिशेब लूकच्या शुभवर्तमानात दिला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कोणत्या शिबिरात हा पाठ शिकवितात?

नववर्षाला साजेसा दाखला त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. अंजिराचे झाड तीन वर्षे फळले नाही. मालक ते तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो; भोवती खणीन, खत घालीन म्हणतो. वाचकहो, हे वर्ष झाडाने कमावलेले नाही. ते त्याच्यासाठी कोणीतरी मागून घेतले आहे. खणण्याचे श्रम माळ्याचे आहेत. आणि फळ आले तरी ते झाड स्वतः खाणार नाही. वाढीची याहून वेगळी कल्पना 'स्वतःला घडवा' म्हणणाऱ्या फलकांना सुचणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याच वाटेचे आहे. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळे-ओवळे बाईंच्या हाडीमासी खिळलेले होते. पुढे जातिभेद मनातून गेला तो आधी. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. हा पालट कोणत्याही १ जानेवारीस झाला नाही. त्यात ताटातूट होती, रडणे होते, आणि स्वतःवर हसणेही होते. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या याच बाईंनी टिळकांच्या १९१९ मधील निधनानंतर त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. त्या मोठ्या झाल्या त्या दुसऱ्याचे अपुरे काम हाती घेऊन.

यावर कोणी म्हणेल, की शिस्त वाईट का? मुळीच नाही. पहाटे उठावे, व्यायाम करावा, कर्ज फेडावे. कृपेच्या नावाखाली आळसाचे समर्थन करणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांना माळ्याचे फावडे दाखवावे. आमचा आक्षेप आहे तो सारे ओझे झाडावर टाकण्यास.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. आमच्या वर्गातील एका मुलाने वडिलांच्या कापसाच्या पैशातून अशाच एका शिबिराचे शुल्क भरले. भरतीच्या यादीत नाव आले नाही, तेव्हा तो आम्हांला म्हणाला, "सर, मीच कमी पडलो. माझी इच्छाशक्तीच कमी होती." जागा किती होत्या, अर्ज किती आले, हे त्याने विचारलेच नाही. ते विचारावयाचे असते, हेच त्याला कोणी शिकविले नव्हते. त्यानंतर त्याने वर्गात येणे सोडले. दोन महिन्यांनी आम्ही त्याच्या गावी गेलो. उशिरा गेलो, हा दोष आमचा.

म्हणून या वर्षी आम्ही स्वतःविषयी कोणताही संकल्प केलेला नाही. वर्गातून गळालेल्या मुलांची नावे तेवढी काढली आहेत. जानेवारीतले रविवार त्यांच्या घरी जाण्यासाठी राखले आहेत.