पूल झाला तरी धक्का मोडू नका

आमचे गाव गुहागर तालुक्यात आहे. रायपूरहून सुट्टीवर निघालो की वाटेत कितीतरी नद्या लागतात, पण गाडी पुलावरून जात असल्यामुळे त्या कळतही नाहीत. दापोलीच्या मामाकडून गावी जाताना मात्र दाभोळला रस्ताच संपतो. समोर वाशिष्ठीची खाडी. मग फेरीबोटीची वाट पाहायची, गाडी बोटीवर चढवायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचे. २००३ सालापासून ही सोय आहे. ती नसती, तर चिपळूणचा लांबचा वळसा होता.

रेवस-रेड्डी सागरी मार्गावर आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड येथेही गाड्या अशाच बोटीने खाडी ओलांडतात. आता या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आहे. पूल हवेतच. रात्री बोट बंद असते आणि आजाऱ्याला तेव्हा वळसाच घ्यावा लागतो.

बाबा म्हणतात, "पूल झाल्यावर बोटी कशाला?" इथे माझे मत वेगळे आहे.

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. राष्ट्रीय महामार्ग तुटला आणि माणसे व गाड्या पार करण्याचा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. गोव्यात बोटी आणि त्या चालवणारे हात शिल्लक होते, म्हणून हे जमले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि अनेकांचे प्राण गेले. पूल कायमचा नसतो, हे या दोन तारखा सांगतात.

सैन्यातील इंजिनिअर नदी ओलांडताना आधी होड्या, मग रणगाडे नेणारे तराफे आणि शेवटी पूल अशा क्रमाने काम करतात. पूल उभा राहिला म्हणून त्यांचा होड्यांचा सराव थांबत नाही.

रिकाम्या बोटी पोसायला पैसा लागतो, हे खरे. म्हणून सगळ्या नकोत. प्रत्येक खाडीवर दोन्ही काठांचे धक्के सांभाळावेत आणि साऱ्या किनाऱ्यासाठी मिळून एक-दोन बोटी प्रशिक्षित खलाशांसह चालू ठेवाव्यात. आपल्या वसतिगृहातले अग्निशामक नळकांडेही वर्षभर भिंतीवर नुसते टांगलेले असते. ते काढून टाका, असे कोणी म्हणत नाही.