लवंगेचा मक्ता आणि जळालेली दुकाने



कापसाच्या भावासाठी मोर्चा निघाला की बाजारपेठेत शिरताच कोणीतरी दुकानाकडे बोट दाखवतो. म्हणून इंडोनेशियातल्या मे १९९८ ची हकीगत सांगतो.

त्या देशात लवंगेचे मोठे पीक, सिगारेटमध्येही लवंग घालतात. ३२ वर्षे सत्तेवर असलेल्या सुहार्तोंचा मुलगा टॉमी याला लवंग खरेदीचा मक्ता मिळाला. शेतकऱ्याकडून स्वस्त घ्यायची, कारखान्यांना महाग विकायची. १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

बड्या कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जे काढली होती. १९९७ च्या मध्यात डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत, जानेवारी १९९८ मध्ये १०,००० च्या वर गेले. कर्ज काढताना शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. फेडायची वेळ आली तेव्हा तांदूळ महागला, कारखान्यातून माणसे कमी झाली. त्यात दुष्काळ. ४ मेला पेट्रोल, रॉकेलचे भावही वाढवले.

महिनोन्‌महिने कॉलेजची पोरे फाटकाच्या आत घोषणा देत होती: भाव उतरवा, सुहार्तो, खुर्ची सोडा. १२ मेला जकार्तातल्या त्रिशक्ती विद्यापीठाची मुले संसदेकडे निघाली. वाटेत अडवले. तासन्‌तास रस्त्यावर बसून ती संध्याकाळी माघारी फिरली, आणि तेव्हा गोळ्या झाडल्या. ४ विद्यार्थी गेले.

दुसऱ्या दिवशी शहर पेटले. राग सुहार्तोंच्या दारात गेला नाही, गल्लीतल्या चिनी वंशाच्या दुकानदारावर गेला. सरकारने त्यांना आधीच परके ठरवून ठेवले होते, त्यांच्या लिपीत छापायलाही बंदी होती. दुकाने लुटली, बायकामुलींवर बलात्कार झाले. मोठाली दुकानसंकुले पेटवली, आणि आत माल उचलायला शिरलेली गरिबांचीच पोरे कोंडून जळाली. हजारावर माणसे मेली. बाहेरून आलेल्या टोळ्यांनी लोकांना चिथावले आणि बंदोबस्त जागेवर नव्हता, असे सरकारनेच नेमलेल्या चौकशी पथकाला आढळले. ज्याला मोर्चा मोडायचा असतो, त्याला पहिला दगड हवाच असतो.

विद्यार्थी मात्र १८ मेला संसदेच्या आवारात जाऊन बसले, उठले नाहीत. २१ मेला सुहार्तो गेले. आमच्या मते त्यांना घालवले ते या बसण्याने. जळालेल्या दुकानांनी शेतकऱ्याच्या पदरात काही टाकले नाही. लवंगेचा मक्ता मोडण्याचे तर जानेवारीतच ठरले होते, नाणेनिधीच्या अटीपायी. शेतकऱ्याच्या ताकदीने तो मोडला नाही, हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते.

या बैठकीपुढे आमची सूचना अशी: मोर्चा बाजारपेठेतून जाताना दुकानांपुढे आपल्याच कार्यकर्त्यांनी कडे करून उभे राहावे. मायबहिणी पुढे असाव्यात. आणि अनोळखी माणूस दगड उचलताना दिसला, तर आधी त्याला गाव विचारावे.