मंजूर दहा कोटी, हाती पंचावन्न लाख

कंपनीचा वार्षिक अहवाल आला की मी थेट मागची पानं उघडतो. उमेदीची वर्षं बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यातली बरीच इचलकरंजीच्या सूत-कापडवाल्यांच्या फायलींत. खोड जात नाही. त्या पानांत एक वाक्य सापडतं: कंपनीकडे अमुक कोटींची न वापरलेली कर्जमर्यादा आहे, सबब रोखीची चिंता नाही. तो आकडा मला पटत नाही.

समजा, कॅश क्रेडिटची मंजूर लिमिट १० कोटी. मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल ४ कोटींचा, पण त्यातले १ कोटी सूतवाल्यांना द्यायचे आहेत. उरलेल्या ३ कोटींवर २५ टक्के मार्जिन कापलं की २.२५ कोटी. नव्वद दिवसांच्या आतली येणी ४ कोटी. त्यावर ४० टक्के कापले की २.४० कोटी. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी कमाल रक्कम, झाली ४.६५ कोटी. खात्यातून उचल आधीच ४.१० कोटी. म्हणजे आज चेक फाडायचा तर ५५ लाखांचा. अहवालात मात्र १० वजा ४.१०, न वापरलेले ५.९० कोटी! शिवाय मंदी आली की पेठेतली येणी नव्वद दिवस ओलांडतात, हिशेबातून गळतात आणि ड्रॉइंग पॉवर ऐन गरजेच्या वेळी आटते.

बँकेच्या बाजूने पाहिलं तर गंमत आणखी वाढते. मंजुरीपत्रात बारीक अक्षरांत एक कलम असतं: पूर्वसूचना न देता बँक ही मर्यादा कधीही रद्द करू शकते. ते उगाच नसतं. बिनशर्त रद्द करता येणाऱ्या न उचललेल्या मर्यादेपोटी बँकेला भांडवल ठेवावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तिचं वजन शून्य. १५० कोटी आणि त्यावरच्या खेळत्या भांडवलाच्या मर्यादा असलेल्या बड्या कर्जदारांच्या कॅश क्रेडिटच्या न उचललेल्या भागाला २०१९ पासून २० टक्के वजन लावलं, तेवढाच अपवाद. जी लिमिट कंपनी पै न पै स्वतःची धरते, तीच बँकेच्या लेखी शून्य.

आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळल्यावर नोव्हेंबर २०१८ मध्ये सेबीने पतमानांकन संस्थांना रोखतेवर वेगळा परिच्छेद लिहायला लावला, त्यात न वापरलेल्या मर्यादाही आल्या. चांगलं झालं. पण खुद्द कंपनीसाठी इंड एएस ७ हा लेखामानक अशी माहिती, तिच्या वापरावरच्या बंधनांसकट, द्यायला फक्त ‘प्रोत्साहन’ देतो. प्रोत्साहनाने बंधनं कोण छापतो?

ड्रॉइंग पॉवरचा आकडा काढायला नवं काही करायचंही नाही. मंजूर खेळतं भांडवल ५ कोटींच्या वर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही स्टेटमेंटं वह्यांशी जुळतात का, हे लेखापरीक्षकाला कारो २०२० या सरकारी आदेशाप्रमाणे सांगावंच लागतं. कागद टेबलावर आहेत. मंजूर रकमेशेजारी ३१ मार्चची ड्रॉइंग पॉवर, मर्यादेच्या नूतनीकरणाची तारीख आणि बँकेला ती एकतर्फी रद्द करता येते की नाही, एवढं छापणं सक्तीचं करावं.

कंपन्या म्हणतील, असं छापलं तर पुरवठादार बिचकतील. बिचकू देत की. साठ दिवसांच्या उधारीवर सूत देणाऱ्याकडे ना तारण, ना मंजुरीपत्र. गिऱ्हाइकाच्या खात्यात ५.९० कोटी आहेत की ५५ लाख, हे माल ट्रकमध्ये चढण्याआधी त्याला कळलंच पाहिजे.