लांबारेनेचा दवाखाना आणि अहिंसेची दुसरी बाजू

सन १९१३ च्या एप्रिल महिन्यात आफ्रिकेतील गॅबॉन या तत्कालीन फ्रेंच वसाहतीत, ओगोवे नदीकाठच्या लांबारेने येथील ख्रिस्ती मिशनच्या आवारात एक डॉक्टर सपत्नीक येऊन दाखल झाला. दवाखान्याची इमारत उभी नव्हती, रुग्णांची रीघ मात्र लागली. तेव्हा कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याला चुना लावून त्याने तेथेच तपासणी आरंभली. हे डॉक्टर म्हणजे अल्बर्ट श्वाइट्झर.

स्ट्रासबुर्ग येथे धर्मशास्त्राचे अध्यापक आणि ऑर्गनवादक म्हणून त्यांची कीर्ती झाली होती. आफ्रिकेत सेवकांची वानवा असल्याचे मिशनच्या पत्रिकेत वाचून ते वयाच्या तिसाव्या वर्षी वैद्यकाच्या वर्गात जाऊन बसले. त्यांची धर्ममते मिशनच्या धुरीणांना मान्य नव्हती. तेव्हा ‘केवळ डॉक्टर म्हणून जाईन, प्रवचन करणार नाही’ अशी हमी देऊन त्यांनी अनुमती मिळवली. वाद्यवादनाचे कार्यक्रम करून आणि परिचितांच्या दारोदार जाऊन निधी जमवला, औषधे व साहित्याच्या ७० पेट्या भरल्या. पत्नी हेलेन यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले.

हिवताप, कुष्ठरोग, आमांश, निद्रारोग, अंतर्गळ अशा व्याधींनी ग्रासलेले लोक दूरदूरच्या खेड्यांतून होड्यांनी येत. रुग्णासोबत त्याचे कुटुंब राही व आवारातच रांधून खाई. जोसेफ हा स्थानिक सहायक दुभाष्याचे काम करी. त्याच्यावाचून डॉक्टरांना रुग्णाचे दुखणे उमगणे कठीण होते.

१९१५ मध्ये नदीतून प्रवास करीत असता श्वाइट्झर यांना आपल्या विचारांचे सूत्र गवसले: जीवनाविषयी आदर. माणसापुरता मर्यादित असलेला नीतिधर्म त्यांना अपुरा वाटू लागला. निद्रारोगावरील नव्या औषधाने रुग्ण बरा होतो याचा त्यांना आनंद होई. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या रोगाचे जंतू पाहताना, एक जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा नाश करावा लागतो, याची बोचही त्यांच्या मनात राही.

पुढे भारतीय तत्त्वज्ञानावरील ग्रंथात त्यांनी जैनांच्या अहिंसेचा मोठा गौरव केला. त्याचबरोबर एक अवघड प्रश्नही उपस्थित केला. ही अहिंसा दुसऱ्याच्या वेदनेविषयीच्या करुणेतून उगवली, की स्वतःला पापाचा स्पर्श होऊ नये या काळजीतून? कोणाला न दुखवणे एवढ्यावर ती थांबते, की दुखणाऱ्याजवळ जाते?

या प्रश्नाचे उत्तर जैन परंपरेत आहे. औषधदान आणि अभयदान यांना तेथे मानाचे स्थान आहे, आणि रुग्ण साधूची वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानले आहे. अलीकडचे उदाहरणही आहे: जयपूर येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती कृत्रिम पाय विनामूल्य बसवते, आणि तिची शिबिरे आफ्रिकेतील अनेक देशांतही झाली आहेत.

श्वाइट्झर यांच्यातही उणीव होती. आफ्रिकी माणसाला ते धाकटा भाऊ मानत, आणि या वडीलकीच्या भूमिकेवर पुढे रास्त टीका झाली. नोबेल शांतता पुरस्काराची रक्कम त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वेचली. १९६५ मध्ये लांबारेने येथेच त्यांचा देह पडला. ते रुग्णालय आजही चालू आहे.

व्यापारी घराण्यांत दानाची रक्कम वहीत नोंदवण्याची जुनी रीत आहे. ज्याच्यासाठी ती रक्कम खर्ची पडली, त्याच्या खाटेशेजारी घटकाभर बसल्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. श्वाइट्झर यांचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.