हार्ड टॉप की सॉफ्ट टॉप? निर्णय खरेदीपूर्वीच हवा

प्रतिनिधी

आडवाटेवर धावणारी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेताना इंजिन, गिअरबॉक्स आणि किंमत यांची चर्चा घरोघरी होते. छताचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो, आणि तोही दिसण्याच्या अंगाने. उघडे छत, वारा आणि समुद्रकिनारा हे चित्र मोहक असल्याने कापडी छताची, म्हणजेच सॉफ्ट टॉपची, गाडी घेतली जाते. पुढे पहिल्याच पावसाळ्यात ग्राहक हार्ड टॉप बसवून देणाऱ्या गॅरेजचा शोध घेऊ लागतो. एकेकाळी ही गोष्ट सर्रास चालत असे. आता कायदा, बाजार आणि रस्ते या तिन्ही बाबतींत परिस्थिती पालटली आहे. छताची निवड ही नंतर सावकाश करण्याची गोष्ट राहिलेली नाही, हे ग्राहकाने ध्यानात घेणे आवश्यक आहे.

कापडी छताची परंपरा

भारतात जीप आली तीच मुळी कापडी छतानिशी. दुसऱ्या महायुद्धासाठी तयार झालेल्या विलीज जीपवर ताडपत्रीचे हूड असे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि तिच्या वंशातील गाड्या अनेक दशके खेडोपाडी धावल्या. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही कापडी छत होते, पुढे तिला हार्ड टॉपचा पर्यायही मिळाला. २०१० मध्ये बाजारात आलेली पहिली थार कारखान्यातून कापडी छतासह येत असे. फायबरचे कडक छत बसविण्याचा व्यवसाय याच काळात शहरांच्या गॅरेजांतून फोफावला.

ऑक्टोबर २०२० मध्ये थारची दुसरी पिढी विक्रीस आली, तेव्हा या गरजेची दखल घेतली गेली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीत स्थिर कापडी छत, दुमडता येणारे कापडी छत आणि कारखान्यातच बसविलेला हार्ड टॉप असे पर्याय देण्यात आले. वरच्या एलएक्स श्रेणीत दुमडते छत आणि हार्ड टॉप यांच्या किमतीत त्या वेळी सुमारे १० हजार रुपयांचाच फरक होता. म्हणजे निवड पैशांवर अवलंबून नव्हती. ती वापरावर अवलंबून होती.

बाजाराचा कौल

त्यानंतरच्या वर्षांत बाजार कोणत्या दिशेने गेला, हे नव्या गाड्यांवरून स्पष्ट होते. जानेवारी २०२३ मध्ये आलेली मागील चाकांवर चालणारी थार केवळ हार्ड टॉपमध्ये सादर झाली. जून २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीला धातूचे पक्के छत होते. ऑगस्ट २०२४ मधील पाच दरवाजांच्या थार रॉक्सलाही धातूचेच छत मिळाले. उघडी हवा हवी असणाऱ्यांसाठी तिच्या काही श्रेणींत सनरूफ देण्यात आले, कापडी छत नव्हे. लष्करानेही जिप्सीची जागा घेणाऱ्या वाहनासाठी ८०० किलो भारक्षमतेबरोबरच कडक छत व वातानुकूलन या अटी घातल्या होत्या. त्यानुसार २०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांची मागणी टाटा मोटर्सकडे नोंदविण्यात आली.

यामागील कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पूर्वीची जीप ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जात असे. आजची तशीच गाडी आठवड्याचे पाच दिवस कार्यालयाच्या वाहनतळात आणि शनिवार-रविवार महामार्गावर असते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर लांबीचा खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा ठरलेली आहे. अशा वेगात कापडी छत फडफडते, वाऱ्याचा आवाज आत येतो आणि शेजाऱ्याशी बोलणेही कष्टाचे होते. कापडातून उष्णता लवकर आत शिरत असल्याने चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रणेवर अधिक ताण पडतो. रात्री रस्त्यावरच गाडी उभी करावी लागणाऱ्या शहरवासीयासाठी तर आणखी एक चिंता असते. कापड कापण्यास साधी सुरी पुरते.

हार्ड टॉपही निर्दोष नाही

असे असले तरी कडक छत म्हणजे सर्व प्रश्नांवरचे उत्तर, असे मानणे चुकीचे ठरेल. तीन दरवाजांच्या थारचा हार्ड टॉप धातूचा नसून साच्यात घडविलेल्या संमिश्र द्रव्याचा आहे. असे छत सांगाड्यावर बोल्टने आवळलेले असते आणि सांध्यांवर रबरी पट्ट्या असतात. खडबडीत वाटेवर सांगाडा पिळवटला की सांध्यांतून कुरकुर सुरू होते. रबर कडक झाले की पाणी झिरपते. अशा छतावर उत्पादकाच्या मर्यादेबाहेर सामान लादणेही धोक्याचे असते.

याबाबतचे सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. फोर्ड कंपनीने २०२१ मध्ये आपली नवी ब्रॉन्को गाडी रस्त्यावर आणली. मात्र पाणी आणि दमट हवेच्या संपर्कात तिच्या हार्ड टॉपच्या पृष्ठभागावर दोष दिसू लागले. अखेर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोपर्यंत बनविलेले त्या प्रकारचे सर्व हार्ड टॉप बदलून देण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. कोकणातील खारी हवा आणि महाबळेश्वरचा पाऊस लक्षात घेता, कडक छताच्या सांध्यांची व रबराची तपासणी दर पावसाळ्यापूर्वी करणे शहाणपणाचे ठरते.

उलटपक्षी कापडी छताचे गुणही खरे आहेत. ते हलके असते. त्यामुळे गाडीच्या वरच्या भागातील वजन कमी राहते. आडवाटेवर चालकाला चहूबाजूंचे दिसते आणि दुरुस्ती स्वस्तात होते. ताडोब्यासारख्या व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सी उघड्या असतात, त्याचे कारण हेच. तेथे वेग कमी असतो आणि पाहणे हाच प्रवासाचा हेतू असतो. परंतु त्याची निगा राखावी लागते. ओले छत दुमडून ठेवल्यास बुरशी धरते. प्लास्टिकच्या खिडक्या कोरड्या फडक्याने पुसल्यास त्यांवर ओरखडे पडतात आणि उन्हाने त्या पिवळ्या होतात. साखळ्यांमध्ये धूळ बसली की त्या अडकतात. वर्षातून चार वेळा छत उघडणाऱ्या ग्राहकाला उरलेले सर्व दिवस ही निगा राखावी लागते, हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

सुरक्षेविषयीचा गैरसमज

छत कडक असले की गाडी उलटली तरी प्रवासी सुरक्षित, हा समज सर्वाधिक घातक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत थारला प्रौढ व बालक या दोन्ही गटांत चार तारे मिळाले. मात्र ही चाचणी समोरून होणाऱ्या धडकेची होती. गाडी उलटण्याची नव्हती. शिवाय हे गुणांकन मागील आसने समोर तोंड करून असलेल्या गाड्यांपुरते होते, समोरासमोर बाकडी असलेल्या प्रकारासाठी नव्हते.

गाडी उलटल्यास भार पेलतो तो लोखंडी रोल केज, आणि प्रवाशाला जागेवर धरून ठेवतो तो सीट बेल्ट. संमिश्र द्रव्याच्या छतावर त्या बाबतीत विसंबून राहता येत नाही. कापडी छताविषयी तर जीप कंपनीची मार्गदर्शिका रँग्लरच्या मालकांना स्पष्ट इशारा देते. हे छत केवळ ऊन, वारा व पाऊस यांपासून बचावासाठी असून अपघातात ते प्रवाशाला आत रोखून धरील असे मानू नये, असा त्याचा आशय आहे. घाटरस्त्यावर छत उघडून उभ्याने प्रवास करणाऱ्या तरुणांनी तो मनावर घ्यावयास हवा.

कायद्याचा अडसर

खरा पेच आहे तो जुन्या गाड्यांच्या बाजारात. नव्या गाड्यांत कापडी छताचे पर्याय आक्रसत गेल्याने, त्याची आवड असलेला ग्राहक वापरलेल्या थार व जिप्सीकडे वळतो. त्यातील अनेकांचा बेत असा असतो, की तूर्त सॉफ्ट टॉपची गाडी घ्यावी आणि पुढे गरज भासल्यास गॅरेजमध्ये हार्ड टॉप चढवावा.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ या बेताच्या आड येते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा कोणताही बदल मालकाने करू नये, असे हे कलम सांगते. केरळ उच्च न्यायालयाने याचा शिथिल अर्थ लावला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालाने रद्दबातल ठरविला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद कलम १८२-अ मध्ये झाली. नोंदणी प्रमाणपत्रात बॉडीच्या प्रकाराचा स्वतंत्र रकाना असतो. त्यात सॉफ्ट टॉप असे नोंदलेले असताना प्रत्यक्षात गाडीवर कडक छत असेल, तर ती विसंगती उघड दिसते. अपघातानंतर विमा कंपनीने दाव्याच्या वेळी हीच विसंगती पुढे केल्यास मालकाची बाजू लंगडी पडते.

म्हणूनच जुनी गाडी घेताना प्रमाणपत्रातील नोंद आणि प्रत्यक्ष छत यांचा मेळ बसतो की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. आधीच्या मालकाने छत बदलले असल्यास परिवहन कार्यालयाची लेखी मान्यता मागावी. ती नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी पुढील जोखीम नव्या मालकाच्याच माथी येते.

दोन्ही सुखे एकाच गाडीत हवी असतील तर काढता येणाऱ्या कडक छताचा मार्ग आहे. पुण्याजवळील रांजणगाव येथे २०२१ पासून जुळणी सुरू झालेल्या जीप रँग्लरचे छत तुकड्या-तुकड्यांनी उतरविता येते, आणि ही सोय कारखान्याचीच असल्याने ती मूळ रचनेतच मोडते. मात्र तेव्हाच तिची किंमत सुमारे ५४ लाख रुपये होती. शिवाय मागचा मोठा भाग उतरवायला दोन माणसे आणि तो ठेवायला घरी जागा लागते. मुंबईच्या सदनिकेत ती कोठून आणावी, हा प्रश्न उरतोच.

सर्वसामान्य शहरी कुटुंबासाठी निष्कर्ष सरळ आहे. घरात एकच गाडी असेल, ती रस्त्यावर उभी राहत असेल आणि तिने महामार्गावर नियमित प्रवास होणार असेल, तर हार्ड टॉपला पर्याय नाही. दुसरी गाडी हाताशी असलेल्या, बंदिस्त वाहनतळ असलेल्या आणि छताची निगा हौसेने राखणाऱ्या ग्राहकाने सॉफ्ट टॉप अवश्य घ्यावा. तो त्याला आनंदच देईल. 'नंतर पाहू' हा तिसरा पर्याय मात्र कायद्याने बंद केला आहे. तेव्हा गाडीची चाचणी घेताना ती कोरड्या हवेत, शांत रस्त्यावर न घेता भर पावसात आणि महामार्गावर घ्यावी. ज्या छताखाली तो प्रवास सुसह्य वाटेल, त्याच्याच नोंदणीवर सही करावी.